विलासच्या ॲपचा कोड

मित्रमैत्रिणींनो, मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ विलास उन्हाळ्यात गेला. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी त्याने मोबाइल ॲप केलं होतं. शेतातल्या सापळ्यात अळीचे किती पतंग सापडले ते त्यात टाकलं की फवारायचं की थांबायचं, ते कळायचं. बीटी कपाशीलाही अळी लागायला लागली, तेव्हापासून आमच्या वडनेरला बरेच जण ते वापरत. कोड त्याने सगळ्यांसाठी खुला ठेवला होता.

आता नव्या मोबाइलवर ते उघडत नाही. दुरुस्तीसाठी मूळ कोड लागतो, म्हणून तो पुण्यात ज्या कंपनीत नोकरी करायचा, तिथे आज फोन केला.

"ताई, कोड खुलाच आहे, कोणीही घेऊ शकतं," तिथला माणूस म्हणाला. "फक्त तो आमच्या सिस्टीमवर आहे. लॉगिन कर्मचाऱ्यांनाच मिळतं. विलासचं खातं बंद झालंय."

"मग कोणीही म्हणजे कोण?"

"सॉरी, ताई," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

शेजारचे अन्वरचाचा ओट्यावर थांबले होते. "काय म्हने कंपनी, बाई? फवारू का थांबू?"

"मले नाही माहीत, चाचा."

"पोट्टा असता तं त्यानं सांगतलं असतं," म्हणाले आणि फवारणीचा पंप पाठीला लावून निघाले.

विलास भेटेल त्याला म्हणायचा, कोड पाठवतो, जवळ ठेवा. आम्ही कोणी मागितला नाही. तो होताच ना.

तुमच्यापैकी कोणी तेव्हा त्याच्याकडून कोड घेतला होता का? आशा नाही, तरी विचारते.