गुरुवारचा आकडा

जुन्नरातल्या एका दूध संघाच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा जयवंत पन्नाशीला टेकला, आणि त्याच्यावर नवी भाषा शिकायची पाळी आली. संघाची सगळी कामं त्यानं उमेदीत शेल या संगणकाच्या जुन्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांवर चालायची. आता नवी मशीन आली.

"जयवंतराव, सगळं या नव्या पायथन भाषेत पायजे," मॅनेजर दादाभाऊ म्हणाले. "जमत नसंल तर सांगा. पुण्याची पार्टी तयार हाये. तुमी बसा मंग शीतकरण केंद्रावर."

केंद्रावरचं काम काही वाईट नव्हतं. पण या खोलीतली एकेक वायर जयवंतनं स्वतः ओढलेली. मशीन घोंघावायला लागली, की तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तो तिच्यावर हात ठेवायचा.

लेक यशोधरा अवसरीला इंजिनिअरिंगला. शनिवारी एसटीनं घरी आली की बापाला घेऊन बसायची.

"पप्पा, कंस उघडला तर बंद करा की!"

"तुला पाढे शिकवताना मी एवढा वरडलो व्हतो का गं?"

"लई वरडला व्हता. आईला इचारा."

"मला न्हाई मधी घ्यायचं," लंकाबाई चुलीपुढून म्हणाली. "भाकर करपंल माजी."

असं करत प्रोग्राम पुरा झाला. "आता अजून एक भाषा शिकवते," यशोधरा म्हणाली, तर त्यानं हातच जोडले. गुरुवारी तारा-डीपीच्या दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नसते, म्हणून त्या दिवशी दुपारची बॅकअपची नक्कल काढायची नाही, ही जुनी अटही त्यानं नव्यात उतरवली. आणि पहिल्याच गुरुवारी, यूपीएस कुईकुई करत असताना, मशीन नक्कल काढायला बसली. अर्ध्यातच सगळं बंद.

"लावू का पुण्याला फोन?" दादाभाऊंनी दारातनंच विचारलं.

"आठवडाभर दम धरा, भाऊ."

जिन्यात उभं राहून त्यानं लेकीला फोन लावला. ती म्हणाली, एकेक ओळ वाचा. तो वाचत गेला. "वार चार असंल तर थांब..."

"चार का?"

"सोम एक, मंगळ दोन, बुध तीन, गुरू चार."

"पप्पा, पायथन सोमवारला शून्य म्हणतं. गुरुवार तीन. तुमचं चार म्हंजे शुक्रवार झाला."

जयवंत पायरीवर बसला. "आता वार मोजायलाबी चुकाय लागलो गं."

"चुकला न्हाई. जुन्या भाषेत मोजलं तुमी. मला तर पहिल्या परीक्षेत हेच नडलं व्हतं."

"मंग सांगितलं न्हाईस ते?"

"तुमी वरडला असता!"

एकटाच बसला होता, तरी तो मोठ्यानं हसला.

पुढच्या गुरुवारी मशीन गप्प राहिली. शुक्रवारी नक्कल सगळी उतरली. दादाभाऊ खोलीत डोकावले, पडद्याकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या मंग पुण्याचं," एवढंच म्हणून गेले.

शनिवारी जयवंत आधीच स्टँडवर जाऊन थांबला. यशोधरा उतरली तशी त्यानं तिची पिशवी खांद्याला अडकवली.

"ती दुसरी भाषा कोणती म्हणत व्हतीस तू?" चालता चालता त्यानं विचारलं. "लई अवघड असती का?"