माघारी लावायचा फोटो

भोरच्या एसटी स्टँडसमोर एका फोटोग्राफरचं पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. निळा पडदा, एक स्टूल आणि माझ्या कॅमेऱ्यापुढे खेळणं वाटावा असा कॅमेरा. सावली आणि चौकट यांवर मी तासभर बोलू शकतो. तो लेन्ससुद्धा शर्टाच्या टोकाने पुसतो. ‘हसा’ असं कुणाला म्हणत नाही. ‘औंदा रानात काय केलंय, मावशी?’ एवढंच विचारतो. सांगून झालं की माणूस क्षणभर गप्प बसतं, तेव्हा बटण दाबतो.

मागे पुण्याहून गावी आलो, तेव्हा पेन्शनच्या अर्जासाठी आईला त्याच्याकडे नेलं. मी दारात उभा होतो. तिचं उत्तर एसटीच्या हॉर्नमध्ये मला ऐकू आलं नाही. फोटो मात्र ती बराच वेळ बघत राहिली.

“माझ्या माघारी भितीवर ह्योच लाव,” म्हणाली.

तिचे शेकडो फोटो मी काढलेत. त्यातले दोन तर प्रदर्शनात लागले होते. पण एकही तिने असा हातात धरून बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला अंगणात बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि अगदी त्याच्याच सुरात विचारलं, “औंदा रानात काय केलंय, आई?”

“तुला ठावं न्हाई व्हय?” आई म्हणाली.