दोन बोटं लांब

हेस्टर टब सव्वीस वर्षं दरबारी झगेच शिवत आली होती. लग्नाच्या वयाला आलेल्या मोठ्या घरच्या मुलीला राणीसमोर जायचं तर डोक्यात तीन पिसं, मागे तीन वार लोळणारा पदर, आणि परतताना तो पदर हातावर घ्यायचा, पाठ दाखवायची नाही, उलट्या पावलांनी दारापर्यंत यायचं. म्हणून झग्याची उंची धरायची ती दरबारी जोडे घालूनच, हा हेस्टरचा नियम. आणि नेमका लव्हिनिया थॉर्नबीच्या वेळी तिनं तो मोडला! जोडे आले नव्हते, मुलीच्या आईला घाई झालेली. घाई करणाऱ्यांचं काय जातं? पोरीच्या उंच टाचांच्या बुटांवरच हेस्टरनं माप धरलं.

दरबाराच्या दिवशी दुपारी दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे दरबारी जोडे आले. साटीनचे, आणि यंदाच्या नव्या रीतीप्रमाणे सपाट. ते पाहिले मात्र, हेस्टरला आपली चूक उमगली. अशा जोड्यांवर लव्हिनियाचा झगा दोन बोटं लांब पडणार होता. मागे पाऊल टाकलं की टाच काठावर पडणार आणि पोरगी भर दरबारात उताणी. गेल्या साली एक अशीच पडली. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि शिवणारीला कुणी दारात उभं केलं नाही.

सुईदोरा घेऊन हेस्टर धावत सुटली. राजवाड्यापर्यंत बग्ग्यांची रांग लागली होती, आणि बघे काचांना नाकं लावून मुलींना नावं ठेवत होते. थॉर्नबींची बग्गी फाटकापासून आठवी निघाली.

आई दार उघडेना. "एवढ्या लोकांत? जा बाई, शोभा करू नकोस."

"शोभा आत होईल, बाईसाहेब. चूक माझी आहे. थोडा वेळ द्या."

दार उघडलं ते लव्हिनियानं. ती बाकावर गुडघे टेकून उलटी बसली, पिसं छताला घासली, बाहेर एकच हशा पिकला. आईनं पंख्याआड तोंड लपवलं. हेस्टर खाली बसून मागचा काठ दुमडत होती. बग्गी हलली की सुई बोटात जायची. पांढऱ्या साटीनला रक्त लागू नये म्हणून बोट चोखायचं, की पुढचा टाका. पुढे चार बग्ग्या उरल्या, मग दोन. फाटकावर शिपायानं तिला उतरवलं तेव्हा वीतभर काठ राहिलाच होता. तिथं तिनं टाचण्या खुपसल्या.

दोन तास ती जिवाला घोर लावून फाटकाशी उभी होती. शेवटी ती बग्गी आली. काच खाली झाली.

"पडले नाही," लव्हिनिया म्हणाली.

आईनं समोर बघतच सांगितलं, की पुढच्या साली धाकटीचा झगाही हिनंच शिवायचा.

काचेजवळ सरकून हेस्टरनं इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "राणी दिसते कशी हो?"

पोरीचे डोळे भरून आले. "मी बघितलंच नाही. सगळा वेळ टाचेकडेच लक्ष होतं."