माझी न दुखणारी कंबर

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली तेव्हा लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. रोज कुठलं तरी नवं ऑफिस उघडायचं, ऑफिसामागोमाग साहेब यायचे आणि साहेबांमागोमाग त्यांच्या बायका. आमचं भुसार मालाचं दुकान. सासरे आणि त्यांचे दोघे मुलगे दिवसभर गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत. घरात आम्ही तिघी: सासूबाई, मी आणि ही. ही हदगावकडची, शेतकऱ्याची लेक. नांदेडला कॉलेजात असताना शर्यतीत पळायची, पुढे व्यायाम शिकवण्याची पदवीही घेतली होती. लग्न ठरवताना हे सगळं सांगितलं होतं म्हणे, पण आमच्याकडे कुणी मनावर घेतलं नव्हतं. गोवर कसा एकदा येऊन जातो, तसं पळणंही येऊन गेलं असेल, अशी आमची समजूत.

सहा महिने ती गप्प होती. मग एका सोमवारी महादेवाच्या देवळात पायऱ्या चढताना एक साहेबीणबाई धापा टाकत खाली बसल्या. आम्ही दोघी मागेच होतो. मी पाणी शोधायला गेले, आणि परत येते तो ही त्या बाईंच्या शेजारी बसून त्यांना श्वास कसा सोडायचा ते शिकवत होती. दोन दिवसांनी त्या बाई स्वतः आमच्या दारात. "तुमच्या सूनबाईंना रोज तासभर माझ्याकडे पाठवा, मला व्यायाम शिकायचाय." त्यांचे यजमान वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानात निरोप गेला आणि सासऱ्यांचा होकार पाच मिनिटांत आला. एरवी सुनेच्या मंगळसूत्राची वाटी बदलायची तरी हो म्हणायला त्यांना आठवडा लागायचा.

सासूबाईंनी मात्र अटी घातल्या. घरचं काम अडायला नको. घामेजल्या अंगानं चुलीपाशी यायचं नाही, आधी अंघोळ, मग पूजा, मग स्वयंपाक. आणि घरातून एकदा 'नको' निघालं की तिथंच बंद. धाकटीनं सगळ्याला मान डोलावली.

वर्षभरात तिची सात घरं झाली, रोज दोन, आळीपाळीनं. सगळ्या साहेबांच्या बायका. पण एका वेळी एकच बाई, हा तिचा हट्ट. मी एकदा म्हटलं, सगळ्यांना एका अंगणात गोळा कर आणि शाळेसारखी कवायत घे, तुझेही पाय वाचतील. तर म्हणाली, "अक्का, एकीचे गुडघे बसून बसून धरले, दुसरीची दोन बाळंतपणं पोट चिरून झाली. दोघीला एकच कवायत दिली तर एकीला पुरणार न्हाई अन् दुसरीला झेपणार न्हाई." मला त्या वेळी तो शहाणपणा वाटला नाही, मिजास वाटली. खरं सांगते, मी जळत होते. ती संध्याकाळी पाच वाजता चप्पल घालून निघायची आणि पोराबाळांसकट दहा माणसांच्या भाकरी माझ्या एकटीच्या हातावर.

मग पाऊस दोन वर्षं लागोपाठ रुसला. नळ कोरडे झाले, आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी टँकर येऊ लागला. घरातला पाण्याचा हिशेब माझ्याकडे आला आणि माझी चांगलीच सोय झाली. धाकटी शिकवून परत आली की अर्धी बादली घेऊन अंघोळ करायची. सासूबाईंनीच घातलेली अट ती पाळत होती. मी मात्र तोंड पाडून सासूबाईंच्या कानावर घातलं, "अव्वा, हिची रोज दुसरी अंघोळ होते. पाणी पुरायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, पाणी येईस्तोवर बंद. आणि गंमत म्हणजे, त्याच आठवड्यात तिच्या सातही घरांतून तोच निरोप आला. घाम गाळला की अंघोळ लागते, आणि अंघोळीला पाणी कुणाकडे होतं? पाऊस पडल्यावर या, म्हणाल्या. धाकटी रडली नाही, भांडली नाही. ओसरीवर बसून तुरीतले खडे निवडू लागली. तिच्या हातात सूप बघून मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

महिनाभरात मला त्याची शिक्षा झाली, असं मी तरी मानते. टँकर आला होता. घाईघाईनं भरलेला हंडा उचलायला गेले आणि कंबरेत अशी उसण भरली की हंडा एकीकडे आणि मी एकीकडे. सांडलेल्या पाण्याकडे बघून बायका हळहळल्या, माझ्याकडे नंतर बघितलं. आठ दिवस मी अंथरुणावर. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं उतरलं, पण वाकायची भीती बसली. घरात पाणी उचलणारे दोन हात कमी झाले, तेव्हा सासूबाई स्वतःच धाकटीला म्हणाल्या, "हिला बघ गं. हिला उभी कर."

तिनं पहिले तीन दिवस मला काहीच शिकवलं नाही. नुसतं बघितलं. रिकामी कळशी समोर ठेवायची आणि म्हणायची, उचला. पहाटे, अंघोळीच्या आधी, म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "अक्का, तुम्ही एका हातानं उचलून राहिल्या."

मी म्हटलं, वेडी का? दोन्ही हातांनी उचलते.

"न्हाई. डावा हात कळशीला हाय. उजवा डोक्यावर हाय."

खरंच होतं. घरात सासरे, टँकरवर गल्लीतली वडीलधारी मंडळी. वाकलं की पदर डोक्यावरून घसरतो, म्हणून वाकण्याआधी उजवा हात आपोआप पदराला जायचा. वीस वर्षं मी भरलेले हंडे एका हातानं आणि अर्ध्या कंबरेनं उचलत आले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मीच काय, गल्लीतली प्रत्येक सून तसंच उचलत होती.

धाकटीनं स्वतःच्या बांगडीतली पिन काढली आणि माझा पदर अंबाड्याला अडकवून टाकला. "आता पडत न्हाई. लावा दोन्ही हात." हा तिचा पहिला धडा. मग गुडघ्यात बसायचं, हंडा पोटाशी घ्यायचा, श्वास सोडत मांड्यांच्या जोरावर उठायचं, वळायचं तर कंबरेतून नाही, पावलं टाकून. पंधरा दिवस रिकामी कळशी, मग पाव, मग अर्धी. एखाद्या दिवशी मी चिडून म्हणायचे की मला काय पोरगी समजतेस का, तर ती हसून पुन्हा बसायला लावायची. तिच्यात राग नावाची वस्तूच नव्हती. माझ्यात दोघींपुरता होता.

महिन्यानं मी टँकरवर गेले आणि भरलेला हंडा दोन्ही हातांनी अलगद उचलला. बायका बघतच राहिल्या. सोबत धाकटी होतीच. शेजारच्या किराणा दुकानवाल्याची सून म्हणाली, मला दाखव. मग तिची नणंद, मग समोरची. धाकटी प्रत्येकीला वेगळं सांगायची, कारण एकीचा खांदा उतरलेला, दुसरी ओली बाळंतीण. कुणी तरी म्हणालं, आता पुन्हा घामाचं काय? ती म्हणाली, "पाणी भरताना घाम येतोच की. तोच घाम कामाला लावू." ज्या दुष्काळानं तिचं काम बुडवलं होतं, त्याच्यातूनच ती ते पुन्हा उभं करत होती, आणि कुणाला दाखवायला म्हणून नाही. त्या दिवशी मला तिचा मनापासून अभिमान वाटला.

पण ही बातमी दुकानात पोचली. साहेबांच्या बंगल्यावर जाणं वेगळं आणि टँकरच्या रांगेत बायकांना उठबस शिकवणं वेगळं. शेटजींची सून टँकरमागं फिरते, असं गंजात कुणी तरी बोललं. सासरे आम्हां सुनांशी थेट बोलत नसत. त्यांचा निकाल सासूबाईंनी आणला: थोरलीची कंबर बरी होईपर्यंत धाकटीनं तिच्यासोबत टँकरवर जावं. थोरली बरी झाली की बंद. या वेळी कायमचं.

"तुझी कंबर कशी हाय आता?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटी तुरीचं सूप घेऊन समोर बसली होती. माझी कंबर ठणठणीत होती. मी कंबरेवर हात ठेवला आणि म्हटलं, "अव्वा, लई दुखतंय अजून."

पुढचे तीन महिने मी घरात कण्हत फिरले. हे काम हंडा उचलण्यापेक्षा कठीण निघालं. कधी विसरून पटकन उठायचे, मग पुन्हा बसून हळूहळू उठायचे. एकदा डाव्या बाजूला धरून कण्हले, दुसऱ्या दिवशी उजव्या. त्यात धाकटीच काळजीत पडली. तिला वाटलं आपलं शिकवणंच चुकलं. रोज नवा व्यायाम, रोज विचारपूस. शेवटी मी तिला न्हाणीपाशी गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. आभार राहिले बाजूला, ती वैतागली. "अक्का, तुमच्या कण्हण्यानं माझं नाव खराब होऊन राहिलं! बाया म्हणतील, हिला घरची जाऊ बरी करता येईना." मग आमचं ठरलं: घरात कण्हायचं, टँकरवर नाही.

त्याच वेळी मी हेही सांगून टाकलं की अंघोळीची चुगली मीच केली होती.

"माहीत हाय," ती म्हणाली. "घरात तिसरं कोण होतं?"

एवढंच. पुढे कधी तिनं तो विषय काढला नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते.

पाऊस पडला तेव्हा तिची एकोणीस घरं झाली होती. साहेबांच्या बायका परत आल्या, पण आता त्यांना गल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या बायकांमागे थांबावं लागलं. त्याच व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका शिकत होत्या म्हटल्यावर गंजातली तोंडं मिटली आणि सासऱ्यांचा 'बंद'ही आपोआप विरला. पुढे तिनं भाड्यानं खोली घेतली, मग हॉल. तिच्या हाताखाली शिकलेल्या बाया आज लातुरात आणि नांदेडला घरोघरी जाऊन शिकवतात, आणि त्यातल्या प्रत्येकीला पहिली तंबी हीच असते, की पहिले तीन दिवस तोंड बंद ठेवून नुसतं बघायचं. माझ्या सुना तिच्याकडे वजन उचलायला जातात. पैसा आला, मान आला, पण एका वेळी एकच बाई, हा हट्ट तिनं सोडला नाही. मी त्याला मिजास म्हटलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मात्र हे सगळं व्हायच्या आधी, त्या उन्हाळ्याच्या अखेरीस एक दुपार होती. टँकर येऊन गेला होता. सासूबाई जेवून आडव्या झाल्या आहेत असं समजून मी ओट्यावरचे भरलेले हंडे एकेक करून माजघरात आणत होते. बसले, पोटाशी घेतला, श्वास सोडत उठले, पावलं टाकत वळले. वळले तर दारात सासूबाई उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. हंडा खाली ठेवून मी कंबरेवर हात नेला, पण उशीर झाला होता.

त्यांनी हंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दुखतंय न्हवं?"

"हाव, अव्वा."

"मग नीट कण्हत जा," त्या म्हणाल्या. "काल मामंजींच्या पुढं विसरलीस."