मेस्त्रींच्या चार फायली

आमचे मेस्त्री शिलाईची मशीनं दुरुस्त करायचे. गल्लीच्या तोंडाशी दुकान; एक माणूस बसेल आणि एक मशीन उघडेल एवढंच. पण हात असा, की चाक फिरवून नुसता कान लावायचे आणि दुखणं सांगायचे. नियम मात्र कडक. बाकावर एका वेळी एकच मशीन उघडायचं. तरुणपणी एकदा दोन उघडली, एकाचा स्क्रू दुसऱ्यात गेला आणि दोन्ही जाम झाली. ते त्यांनी जन्मभर मनाला लावून घेतलं.

तोच नियम त्यांनी स्वतःच्या देहालाही लावला. बारा वर्षांचा मधुमेह, त्याने थकवलेली मूत्रपिंडं, आणि वर्षापूर्वी हृदयाच्या नळीत बसवलेली जाळी. साखरेची फाईल साखरेच्या डॉक्टरला, हृदयाची हृदयवाल्याला. एकाच्या खोलीत दुसऱ्याचा शब्द नाही.

मग शौचातून रक्त जाऊ लागलं. मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. त्याच तपासणीत डाव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ दिसली. तोही कॅन्सरच, पण पहिल्यातून पसरलेला नव्हे, वेगळा, स्वतंत्र. फायली चार झाल्या.

"एका अंगात दोन?" बायको म्हणाली. "देवाला मोजता येत नाही का हो?"

"गिऱ्हाईक एक, कामं दोन. एकेक उघडतील," मेस्त्री म्हणाले. पण उचललेला पाण्याचा पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला, आणि तिने ते पाहिलं.

आतड्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या सकाळी नर्सने विचारलं, "काका, गोळ्या कुठल्या चालू?"

"आतड्यासाठी? काही नाही."

"अहो, आणि ती सकाळची गुलाबी?" बायको कोपऱ्यातून म्हणाली.

"ती हृदयाची गं. इथे कशाला?"

नर्सचं पेन थांबलं. दहा मिनिटांत सर्जनबाई आल्या. "काका, त्या गोळीने रक्त पातळ होतं. उद्या पोट उघडलं असतं तर रक्त थांबवताना आमची दमछाक झाली असती. छातीचं विचारलं तेव्हा 'जुनं आहे, बरं आहे' म्हणालात ना?"

"तुम्ही पोटाच्या, बाई. तुम्हाला हृदयाचं काय सांगायचं?"

"पोट आणि हृदय एकाच माणसाचं आहे हो!"

मेस्त्रींनी बायकोला घरून हृदयाची फाईल आणायला सांगितलं. त्यांची चूक दुसऱ्या कुणी दाखवावी, असं कधी घडलं नव्हतं.

ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. गोळी थांबवावी तर जाळी तुंबायची भीती, चालू ठेवावी तर रक्ताची. हृदयवाल्याशी बोलून बाईंनी गुलाबी थांबवली आणि दुसरी, सौम्य तेवढी ठेवली. ते सात दिवस बायको संडासाच्या दाराशी उभी असायची.

"आहे का?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"अगं, मापटं घेऊन बसलोय का मी आत?"

ती हसायची नाही. त्यांनी छातीवरून नुसता हात फिरवला, तरी ती "दुखतंय का?" विचारायची.

शेवटी बाईंनी चारही फायली एकत्र मांडून सांगितलं, "आतड्याचा कॅन्सरचा भाग काढायचा. मूत्रपिंडाची गाठ राहू द्यायची."

"राहू द्यायची? उघडतच आहात तर तीही काढा. अर्धं काम मी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही."

"दोन्ही एकदम तुमच्या हृदयाला झेपणार नाहीत. मूत्रपिंडाला हात लावला तर ते बंद पडायची भीती. गाठ लहान आहे, सावकाश वाढणारी आहे. दर तीन महिन्यांनी बघू."

मेस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला अर्धं काम चालेल. माणूस पुरा द्या." त्यांनी सही केली.

आतड्याचा तेवढा भाग निघाला, हृदयाने तग धरला, मेस्त्री घरी आले. गाठ तिथेच राहिली. दुपारी ते डाव्या कुशीवर वळले की बायको हळूच हलवायची, "उजवीकडे झोपा." तसं झोपून काही फरक पडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते वळायचे.

तीन महिन्यांनी तपासणीचा निकाल घ्यायला दोघं बाकड्यावर बसली.

"वाढली असली तर?" तिने विचारलं.

"तर सांगतील."

"आणि नसली तर?"

"तर पुढचे तीन महिने."

दार उघडलं. पुकारा एकट्या मेस्त्रींचा झाला, उठली दोघंही.