बुवांचा टाळ, सुधाकरचं कपाळ

मंडळी, आज दुपारी सौंसरला गाण्याच्या कार्यक्रमात रक्त सांडलं.

भजनी मंडळात बुवांच्या मागे बसून ढोलक वाजवणारा आमचा सुधाकर आज पहिल्यांदा एकटा उभा राहिला. मंडळाचंच भजन, पण गिटारवर, मधे हिंदी रॅप.

बुवा मंचावर चढले. "माह्या मागं बसून शिकला, अन् माह्याच भजनाचा तमाशा करून राहिला का बे?" म्हणत पितळी टाळ त्याच्या कपाळावर हाणला. दक्षिणा शिष्यानं द्यायची असते, असं आम्ही शिकलो होतो.

चौघांनी बुवांना आवळून धरलं. सुधाकर कपाळाला दुपट्टा बांधून पुन्हा गायला लागला. ध्रुवपद मागच्यांनी उचलायचं असतं. याच्या मागे कोणीच नव्हतं. तो अडला.

ते उचललं बुवांनीच, चौघांच्या तावडीतून.

टाके पडलेत. सुधाकर तक्रार देत नाही म्हणतो. तुम्ही दिली असती?