अंधाऱ्या खोलीतला पिवळा उजेड

इस्पितळात थुंकी तपासणाऱ्या बाई नसत्या, तर मी आज असा खणखणीत बोलत नसतो. हे आधी सांगतो, बाकीचं मग.

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून नागपूरला कापड गिरणीत लागलो. सक्करदऱ्याला खोली घेतली. पुढे खोकला लागला, तो हटेना. टीबी निघाला तर खोलीमालक सामान बाहेर काढेल, आणि एवढ्या लांब पाणी द्यायलाही कोणी नसेल, ही एकच धास्ती. घरी काही कळवलं नव्हतं.

तपासणीला निघालो तेव्हा गिरणीतल्या सोबत्यांनी धीर यावा म्हणून खर्रा दिला. सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला हा ऐवज नागपुरात चहासारखा पुढे करतात. मी तो चघळतच गेलो आणि डबीत थुंकलो.

दुपारी बाईंनी आत बोलावलं. खिडक्यांना काळे पडदे. थुंकीला त्या एक रंग लावत. तो जंतूंना धरून बसे, आणि निळ्या उजेडात जंतू पिवळे चमकत. हेही त्यांनीच सांगितलं.

"काय खाऊन आला गा? सगळंच चमकून राहिलं!"

"खर्रा."

"मग मी जंतू पाहू का सुपारी? तिचे तुकडेही चमकतात इथं. उद्या उठल्याउठल्या तोंड धू, अन् छातीतून खोकून आण."

दुसऱ्या दिवशी त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवत होत्या.

"आहेत. पण थोडेच. लवकर सापडले, चांगलं झालं. काहून रडून राहिला? औषध आहे याले. ये, तूच पाहून घे."

काळोखात बारीक पिवळ्या काड्या. एक इथे, एक तिथे. मी बोलून गेलो, "बाई, आमच्याकडे अंधाऱ्या रात्री समुद्रात हात घातला की पाणी असंच उजळतं."

"खरं? मी तं समुद्रच नाही पाहिला गा."

खोलीमालकाची धास्तीही मी त्यांना सांगून टाकली. संध्याकाळी घरी जाताना त्या माझ्या खोलीवर आल्या. मालकाला म्हणाल्या, "औषध सुरू झालं त्याचं. खिडकी उघडी ठेवा भाऊ, अन् पोराले हाकलू नका." मालक कुरकुरला, पण सामान आतच राहिलं.

खोकला गेला, खर्राही गेला. बाई अजून त्या काळ्या पडद्यांमागे बसतात. एका अमावस्येला मी त्यांना आमच्या गावी नेईन, होडीत बसवीन, आणि त्यांचा हात पाण्यात घालायला लावीन.